आत्यांचा कान

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला वॉर्डात पहिल्या दिवशी काय शिकवावं, यावर आमच्या हॉस्पिटलात आजवर तीन प्राचार्यांनी तीन वेळापत्रकं काढली. तिन्ही भिंतीवर चिकटवली गेली आणि तिन्हींना वाकुल्या दाखवून आत्यांनी आपल्याच पद्धतीने शिकवलं. आत्या म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या महिला वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. नात्याने त्या इथे कोणाच्याच आत्या नव्हत्या. वॉर्डात झाडलोट करणाऱ्या बायकांना सगळे मावशी म्हणतात, मग सिस्टरना काय म्हणायचं, असं एका पेशंटच्या छोट्या मुलीने विचारलं आणि स्वतःच ‘आत्या’ असं ठरवून टाकलं. तेव्हापासून मेट्रनपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे भाचे झाले.

त्यांची पद्धत अशी: पहिल्या दिवशी मुलीने गणवेश घालायचा नाही. पेशंटचा झगा घालायचा, घड्याळ काढायचं, आणि रिकाम्या खाटेवर झोपायचं. बस्स.

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा नव्या कोऱ्या बुटांचा टकटक आवाज करत आले होते. वर्गात पहिली, पुस्तकं तोंडपाठ, अंगात मस्ती. आत्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “छान. आता बूट काढ आणि झोप.” मी झोपले. दोन तास कोणी माझ्याशी अवाक्षर बोललं नाही. मग आत्या बेडपॅन घेऊन आल्या आणि सगळ्या वॉर्डासमोर शांतपणे विचारलं, “लागलीये का?” मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“काय दिसलं दोन तासांत?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. छत.”

“छतावर डाग किती?”

“अकरा,” मी म्हणाले, आणि मलाच आश्चर्य वाटलं की मी ते मोजले होते.

“इथली प्रत्येक बाई ते मोजते. उद्यापासून खाटेजवळून जाताना एक वाक्य बोलायचं. काहीही बोल, पण बोल.”

मी आजतागायत बोलते. पुस्तकातलं निम्मं विसरले, ते विसरले नाही.

दुसरी गोष्ट आत्यांच्या कानाची. अशक्त माणूस पुटपुटतो. आपण काय करतो, “काय? मोठ्याने बोला,” असं त्यालाच वर दरडावतो. आत्यांनी असं कधी केलं नाही. त्या कमरेत वाकायच्या, कान अगदी पेशंटच्या तोंडाशी न्यायच्या आणि डोळे मिटून थांबायच्या. एका म्हातारीने तीन दिवस अन्नाला शिवायचं नाकारलं. डॉक्टर म्हणाले हट्टी आहे, मुलगा म्हणाला सुनेवर रुसली आहे. आत्यांनी कान लावला तेव्हा कळलं, कवळी हिरडीला टोचत होती. सुनेची त्या दिवशी सुटका झाली, आणि तिने आत्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

पुढे मी शिकत गेले, ट्यूटर झाले, आणि कामावर असलेल्या नर्सेसच्या पुढच्या शिक्षणाचा विभाग माझ्याकडे आला. विभाग म्हणजे मी, एक प्रोजेक्टर, छाती-डोक्यापुरता रबरी डमी, आणि जुन्या चादरींच्या खोलीत मांडलेल्या बावीस खुर्च्या. दारावर पाटी मात्र भलीमोठी होती.

ही गोष्ट बरीच वर्षांपूर्वीची आहे. आमच्याकडे दर पाच वर्षांनी नर्सच्या नोंदणीचं नूतनीकरण व्हायचं आणि त्यासाठी तीस तासांचं प्रशिक्षण घेतल्याची हजेरी दाखवावी लागायची. एका सकाळी ऑफिसातला क्लार्क माझ्या खोलीत आला. चेहरा असा, की याच्या हातून काही फुटलंय.

“मॅडम, आत्यांचे तास शून्य आहेत.”

“शून्य कसे असतील? तिसऱ्या मजल्यावरचे सगळे वर्ग त्याच तर घेतात.”

“घेतात ना. म्हणूनच.”

मग उलगडा झाला. पाच वर्षांत आत्यांनी जखमेच्या पट्टीपासून अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या काळजीपर्यंत चाळीसेक वर्ग घेतले होते. प्रत्येक वेळी दाराशी उभं राहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या, उशिरा येणारीला लाल शेरा मारला होता. स्वतःची सही एकदाही केली नव्हती. शिकवणाऱ्यालाही तास मिळतात, त्यासाठी वेगळ्या रकान्यात सही करायची असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. जगाची हजेरी घेणारी बाई कागदोपत्री पाच वर्षं गैरहजर होती.

मी पोट धरून हसले. क्लार्क हसला नाही. “पाच आठवडे उरलेत,” तो म्हणाला, “तास झाले नाहीत तर नोंदणी जाईल. मग पेशंटला हात लावता येणार नाही. मेट्रन म्हणाल्या, निवृत्तीला दोन वर्षं आहेत, तोवर त्यांना चादरींच्या भांडारात बसवू.”

माझं हसू जागच्या जागी विरलं.

क्लार्क माणूस भला. त्याने आत्यांना हळूच सुचवलं की जुन्या हजेरीत मागच्या तारखांना सह्या करून टाका, कोण बघतंय. आत्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. “मैत्रिणीची खोटी हजेरी लावली म्हणून मी दोन मुलींना महिनाभर बेडपॅन धुवायला लावलेत,” त्या म्हणाल्या. “त्या दोघी आता तिकडे मोठ्या हॉस्पिटलात इन्चार्ज आहेत. त्यांना काय तोंड दाखवू?” मग माझ्याकडे वळल्या. “तुझा वर्ग किती वाजता असतो गं?”

तर अशी माझी गुरू माझ्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून आली. पहिल्या रांगेत, मधली खुर्ची, दोनशे पानी वही, कानामागे पेन्सिल. त्या दिवशी मी शेहेचाळीस स्लाइड्स दाखवल्या. रंगीत, बाण असलेल्या, काही तर उडत येणाऱ्या. दोन रात्री घालवल्या होत्या त्यांच्यावर. वर्ग संपल्यावर आत्या थांबल्या.

“छान होतं. एक विचारू? तू सगळा वेळ कुठे बघत होतीस?”

“स्क्रीनकडे.”

“आम्हीपण स्क्रीनकडेच. मग आपली गाठ पडली कुठे?”

मला असा राग आला की विचारू नका. बाई इथे तास भरायला आल्यात की माझी तपासणी करायला? दुसऱ्या दिवशी मी सूड म्हणून त्यांनाच अवघड प्रश्न विचारत राहिले. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली, एक सोडून. त्या एकाचं उत्तर मलाही येत नव्हतं आणि ते त्यांनी ओळखलं. चौथ्या दिवशी प्रोजेक्टरचा दिवा गेला आहे असं मी जाहीर केलं, खुर्च्या गोल मांडल्या आणि प्रत्येकीला तिच्या वॉर्डातली एक चूक सांगायला लावलं. दोन तास कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. दिवा ठणठणीत होता, हे मी आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.

तीस तास तीन आठवड्यांत झाले. आता उरली नूतनीकरणासाठी लागणारी प्रात्यक्षिक परीक्षा, आणि तिथे घोडं अडलं.

हृदय बंद पडलेल्या माणसाला कसं वाचवायचं, त्याचा नियम त्याच सुमारास बदलला होता. पूर्वी आम्ही शिकलो ते असं: हाक मारा, मदत बोलवा, मग वाकून कान त्याच्या तोंडाशी न्या, श्वास ऐकू येतो का, गालाला लागतो का ते पाहा, तोंडाने दोन श्वास द्या आणि मग छाती दाबायला घ्या. नवा नियम म्हणाला, यात फार वेळ जातो. आधी छाती, मग श्वास. वाकायचं नाही, कान न्यायचा नाही. श्वास आहे का ते नजरेनेच टिपायचं, त्याच वेळी बोटांनी नाडी पाहायची, आणि दहा सेकंदांच्या आत दाबायला सुरुवात झालीच पाहिजे. कान न्यायचा नाही, हे वाक्य मी वर्गात सांगितलं तेव्हाच खरं तर माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती.

परीक्षा घ्यायला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, केस चापूनचोपून बांधलेले, गळ्यात स्टॉपवॉच. एका वेळी एक शब्द खर्च करायच्या. चौदाजणी परीक्षेला होत्या. तेराजणी पास झाल्या. चौदाव्या आत्या.

आत्यांनी डमीच्या खांद्यावर थोपटून हाक मारली. मदत बोलावली. इथवर झकास. आणि मग त्यांची मान खाली गेली. कान त्या रबरी ओठांशी, डोळे मिटलेले. रबराचा बाहुला त्यांना काय सांगणार होता देव जाणे, पण आत्या मन लावून ऐकत राहिल्या. स्टॉपवॉच चालत होतं.

“सतरा,” परीक्षक बाई म्हणाल्या. “नापास. फेरपरीक्षा आठ दिवसांनी. एकदाच.”

आत्यांनी “बरं” म्हटलं, डमीच्या कपाळावरचा पांढरा डाग सवयीने पुसला आणि वॉर्डात निघून गेल्या.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. आत्यांचे यजमान शिंपी. गल्ली त्यांना मास्तर म्हणते. त्या घरात मास्तर ते असले तरी शिकवण्याचं खातं आत्यांकडे आहे. बाहेरच्या खोलीत मशीन, भिंतीला अर्धवट शिवलेले शर्ट, जमिनीवर चिंध्यांचा ढीग.

“आज तुमच्या आत्या बोलत नाहीत,” मास्तर हळूच म्हणाले. “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला माझ्या मशीनचा आवाज नीट ऐकू येतोय. बिघडलंय ते. काहीतरी करा आणि त्यांना बोलतं करा.”

आत्या आत भांडी पुसत होत्या. पुसून झालेलीच पुन्हा पुसत होत्या.

“मला पाठ आहे गं सगळं,” त्या म्हणाल्या. “विचार, कुठूनही विचार. डोक्याला कळलंय. पण हाक मारली आणि उत्तर आलं नाही की मान आपोआप जाते खाली. चौतीस वर्षं जातेय. तिला कुठे ठाऊक नियम बदलला ते.” मग हातातलं पातेलं ठेवून, “चादरी मोजत बसवणार मला. चादरी काय, कोणीही मोजेल. माझ्या बायकांचं कोण ऐकणार?”

इतका वेळ सांभाळलेला आवाज शेवटच्या वाक्याला फाटला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी चहा मागितला.

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. रोज दुपारी तासभर आत्यांना डमीसमोर बसवायचं आणि घोटवून घ्यायचं. मी त्यांना “छाती, छाती” असं मोठ्याने म्हणायला लावलं. म्हणताना कान जायचाच. मानेला पुठ्ठ्याची पट्टी बांधून पाहिली. पट्टीसकट वाकल्या. तिसऱ्या दिवशी तर पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि माझा ताबा सुटला.

“आत्या, तुम्ही मुद्दाम करताय का?”

त्या उठल्या, घड्याळ मनगटावर चढवलं, आणि वॉर्डात गेल्या. मी त्या खोलीत बसून राहिले आणि मला माझी लाज वाटली. याच बाईने माझ्या हातून पहिल्या वर्षी औषधांचा अख्खा ट्रे खाली पडला तेव्हा फक्त “झाडू तिकडे आहे” एवढंच म्हटलं होतं.

माफी मागायला तिसऱ्या मजल्यावर गेले तर तिथे वेगळाच कारभार चालला होता. सलाइन मोजून सोडणारं नवं मशीन त्या दिवशी खोक्यातून निघालं होतं. आत्यांनी ते जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण त्यांनी एका नव्या सिस्टरला समोर बसवून “ये, तुला हे शिकवते” असं बेधडक म्हटलं होतं, आणि एका हातात माहितीचा कागद धरून शिकवायला सुरुवातही केली होती. हे बटण कशाचं असेल गं? दाब बघू. ओरडलं का? मग का ओरडलं सांग. अर्ध्या तासात दोघींना मशीन येत होतं, आणि आत्यांना जरा जास्तच.

मी दारातच थबकले. मी मूर्ख होते. ही बाई आयुष्यात कधी शिकायला बसलीच नव्हती. जे जे तिला येत होतं ते दुसरीला शिकवता शिकवता आलं होतं. आणि मी तिला तीन दिवस पुठ्ठा बांधून पोपटासारखं घोकायला लावत होते.

“आत्या, कालचं विसरा,” मी म्हणाले. “काल कसलं, आत्ताचंच. माझं चुकलं. आता माझं एक काम करा. पहिल्या वर्षाच्या सहा मुली आहेत, त्यांनी छाती दाबणं कधी पाहिलेलंही नाही. मला वेळ नाही. चार दिवसांत तुम्ही त्यांना तयार करा.”

“नापास बाईने शिकवायचं?”

“हो. नव्या नियमाने. जुन्याचा वाराही त्यांना लागता कामा नये.”

आत्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. माझा डाव त्यांच्या लक्षात आला होता, हे मला आज शंभर टक्के ठाऊक आहे. पण समोर सहा कोऱ्या पोरी दिसत असताना नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

अडचण एकच: मुली सकाळीच मोकळ्या, आणि असलेला एकुलता डमी सकाळी माझ्या वर्गात लागायचा. ती मास्तरांनी सोडवली. जुन्या गादीचा स्पंज, मोडक्या सोफ्याच्या तीन स्प्रिंगा आणि उरलेल्या कापडातून त्यांनी एका रात्रीत धड शिवलं. वर निळा शर्ट चढवला, खिसा आणि बटणांसकट. आत एक स्प्रिंग अशी बसवली की छाती दोन इंच खाली गेली की कर्र वाजायचं. इंच मोजण्यात मास्तरांचा हात कोण धरणार. मुलींनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, नवा शर्ट घालून येतो, लोळत पडतो, स्वतः काही करत नाही, आणि सहा बायका त्याच्याभोवती धावतात.

पहिल्या दिवशी मी मागे उभी होते. आत्या म्हणाल्या, “हे बघा, हृदय बंद पडलं तरी रक्तात हवा थोडी शिल्लक असते. म्हणजे टाकीत पाणी आहे, पंप बंद पडलाय. आता तुम्ही टाकीत वाकून बघत बसलात तर नळाला पाणी येईल का?”

“नाही,” सहाजणी म्हणाल्या.

“मग आधी काय करायचं?”

“पंप.”

आत्यांनी जावईबापूच्या छातीकडे पाहिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “अगं खरंच की. हे मला आत्ता कळलं.” मागे वळून मला म्हणाल्या, “तू हे असं का नाही सांगितलंस?” माझ्या स्लाइडवर फक्त बाण होता.

तरी मान जायचीच. तेव्हा मुलींमधली एक, जिच्या आवाजामुळे सगळे तिला घंटी म्हणत, ओरडली, “आत्या, कान!” आत्या दचकल्या आणि एवढ्या हसल्या की शेजारच्या वॉर्डाची सिस्टर डोकावून गेली. तिथल्या तिथे नियम ठरला: जिचा कान जाईल तिने त्या दिवशी वॉर्डातले पाण्याचे तांबे भरायचे, जितक्यांदा कान तितके तांबे. पहिल्या दिवशी इन्चार्ज सिस्टरने एकोणीस तांबे भरले. पेशंट बायकांना ही करमणूक पर्वणीच झाली. खिडकीजवळची आजी संध्याकाळी उशीवरून मान वर करून विचारायची, “आज किती कान?” दुसऱ्या दिवशी नऊ झाले. तिसऱ्या दिवशी तीन.

त्याच दिवशी आत्यांनी मुलींना मनातलं बोलून दाखवलं. “मला एक कळत नाही. इतकी वर्षं वाकून ऐकलं, तेच शिकवलं. आता ते चूकच म्हणायचं का?”

मला उत्तर येत होतं, पण मी जीभ चावून गप्प बसले. घंटी म्हणाली, “नाही आत्या. जी बोलते तिच्यापाशी कान न्यायचा. जी हाकेला ओ देत नाही तिच्या छातीवर हात.”

आत्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. “लिहून घ्या गं सगळ्याजणी,” त्या म्हणाल्या, आणि कानामागची पेन्सिल काढून आधी स्वतःच लिहून घेतलं. चौथ्या दिवशी एकही तांबा भरावा लागला नाही. खिडकीजवळची आजी थोडी नाराज झाली.

फेरपरीक्षेला परीक्षक बाई ठरल्या वेळी आल्या. खोलीत त्या, आत्या, मी आणि डमी. दाराच्या काचेला बाहेरून सहा नाकं चिकटलेली. मी डमी उगाच दोनदा सरळ केला. आत्या मात्र गणवेशाला इस्त्री करून, ताठ उभ्या होत्या.

“सुरू,” परीक्षक बाई म्हणाल्या.

आत्या गुडघ्यांवर बसल्या. खांद्यावर थोपटलं, हाक मारली. मदत बोलावली. घड्याळ लागलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांची मान खाली जाऊ लागली. दारापलीकडे कोणीतरी तोंडावर हात दाबला असावा, दबका आवाज आला. कान ओठांपासून चार बोटांवर असताना आत्या थांबल्या.

“चुकले,” त्या मोठ्याने, स्पष्ट म्हणाल्या. कोणालाही नाही, वर्गाला सांगावं तशा. “कान नाही. श्वास डोळ्यांनी पाहायचा. श्वास नाही. नाडी नाही. छाती.” आणि कोपरं ताठ ठेवून हात छातीच्या मध्यावर पडले. एक, दोन, तीन. डमीच्या आतली कळ दर दाबाला टकटक वाजत होती, तीस झाले, दोन श्वास, पुन्हा तीस. एकही दाब उथळ नाही, एकही ठोका मागेपुढे नाही.

“पुरे,” परीक्षक बाई म्हणाल्या. स्टॉपवॉच पाहिलं. “नऊ सेकंदांत सुरुवात.” कागदावर खूण केली. “पास.”

दाराबाहेर कोणीतरी नाचत होतं, बहुधा सगळ्याच. आत्यांची नोंदणी राहिली होती, वॉर्ड राहिला होता, बत्तीस खाटांवरच्या बायकांचं ऐकणारी बाई जागेवर राहिली होती. मला त्यांना मिठी मारायची होती, पण त्या अजून गुडघ्यांवरच होत्या.

“मी वाकले त्यात किती गेले?” त्यांनी विचारलं.

“साधारण चार सेकंद. मर्यादेत आहात. झालं तुमचं.”

“माझं झालं. हिचं कुठे झालं?” आत्यांनी डमीच्या खांद्यावर हात ठेवला. “माझ्या सवयीचे चार सेकंद हिने का द्यायचे? परत लावा घड्याळ.”

परीक्षक बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. चौतीस वर्षांत या बाईने ज्यांचं ज्यांचं ऐकलं नव्हतं त्यांत मीही एक होते. त्यांनी घड्याळ पुन्हा लावलं. आत्यांनी हाक मारली, मदत बोलावली. नजर छातीवरून फिरली, बोटं गळ्याशी टेकली, मान ताठ. हात पडले तेव्हा दार कधी उघडलं ते कळलंच नाही, सहाही मुली आत आल्या होत्या आणि आत्यांबरोबर मोजत होत्या. सतराला मीही मोजायला लागले. तीसला परीक्षक बाईंचे ओठही हलत होते.

“पाच सेकंद,” त्या म्हणाल्या, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. “आता समाधान?”

आत्या उठल्या. घाम पुसला, मनगटावरचं घड्याळ सरळ केलं. समोरच्या बाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं नव्या मुलीकडे पाहत असत तसं.

“तुम्ही परीक्षा घेता, पण शेवटचं कधी केलंत?”

परीक्षक बाई गोंधळल्या. “तसं... झाले असतील दोनेक वर्षं.”

“मग या. बूट काढा. मी घड्याळ बघते.”

आणि त्या खरंच आल्या. गळ्यातलं स्टॉपवॉच काढून आत्यांच्या हातात दिलं, बूट काढून बाजूला ठेवले, आणि गुडघ्यांवर बसल्या. मुली गोल करून उभ्या राहिल्या. हाक मारून झाली, मदत बोलावून झाली, हात छातीवर पडले. तीन दाब झाले असतील नसतील, आत्या वाकल्या आणि हलकेच त्यांच्या हाताला बोट लावलं.

“बाई,” त्या म्हणाल्या, “कोपर वाकतंय.”